खाणीवरचा उजेड आणि माझा जबाब

आधीच सांगून टाकतो, या ग्रुपवर मी इतकी वर्षं आहे तो निव्वळ करमणुकीसाठी. तुमचे अनुभव मी सकाळच्या चहाबरोबर वाचतो. कुणाला घाटात पांढऱ्या साडीतली बाई लिफ्ट मागते, कुणाच्या मामाला विहिरीवरून हाक ऐकू येते... आणि खाली बाकीच्यांचं 'बापरे, काटा आला' सुरू. मला कधी काटा आला नाही. मी हसायचो. बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचो. ती भाजी निवडता निवडता म्हणायची, "एवढं हसू येतं तर वाचता कशाला रोज?"

भूत, करणी, उडत्या तबकड्या... यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता. आजही नाही. विश्वास बसला म्हणून हे लिहीत नाहीये, डोकं फिरलंय म्हणून लिहितोय.

त्यातून उडत्या तबकड्या हा तर माझा कामाचाच भाग होता. मी फौजेत रडारवर होतो. उत्तरेला एका उंच ठाण्यावर असताना रोज संध्याकाळी निरोप यायचा — पलीकडून दिवा आलाय. जवान शपथेवर सांगायचे, साहेब, तो हलतो, थांबतो, आपल्यावर नजर ठेवतो. कित्येक आठवडे हा तमाशा चालला. शेवटी वरून चौकशी लागली आणि त्या चौकशीत मला घेतलं. मी काय केलं? दोन सळया जमिनीत रोवल्या, मध्ये सुतळी ताणली, आणि रोज त्याच खुर्चीत, मान एकाच जागी टेकवून बसलो. सुतळीच्या मागे दिवा कुठे उगवतो, किती सरकतो, एवढंच बघायचं. दिवा रोज थोडा आधी उगवत होता आणि बाकीच्या ताऱ्यांबरोबर निमूट सरकत होता. गुरू होता तो. आकाशातला गुरू ग्रह! एवढी धट्टीकट्टी माणसं बंदुका सरसावून एका ग्रहावर पहारा देत होती.

तेव्हापासून असलं काही आलं की माझ्याकडेच यायचं. हवामान खात्याचा फुगा, उतरणाऱ्या विमानाचा दिवा, मेंढपाळाची शेकोटी, पाणबगळ्यांचा थवा. दरवेळी साधं उत्तर निघालं, आणि उत्तर कळल्यावर दरवेळी बघणाऱ्याचं तोंड सारखंच व्हायचं. ते तोंड बघायला मला आवडायचं, खोटं कशाला बोलू? आकाशात काही गडबड नसते, गडबड बघणाऱ्याच्या डोक्यात असते, असं माझं स्पष्ट मत होतं.

निवृत्त झाल्यावर बदलापूर पूर्वेला शिरगावात फ्लॅट घेतला, सगळ्यात वरचा मजला. गच्चीवरून पश्चिमेला मलंगगडाची रांग दिसते. पूर्वेला अजून बिल्डर पोहोचलेला नाही, त्यामुळे मोकळं आहे. एक बंद पडलेली दगडखाण, तिच्यात साचलेलं पाणी, मागे विजेचे मोठे टॉवर आणि त्याच्यामागे डोंगर. म्हटलं, शांतता मिळेल. कसली शांतता! सोसायटीचे सेक्रेटरी म्हात्रे यांना कुठून तरी कळलं की मोरेकाका फौजेत हेच करायचे. झालं. कुठेही काही चमकलं की माझी बेल वाजायची.

"काका, लवकर वर चला, ढगात गोल गोल काहीतरी फिरतंय!"

गोल गोल फिरत होतं ते शेजारच्या गावातल्या हळदीचं. डीजेवाल्याने शार्पी लाइट आकाशाकडे करून ठेवले होते आणि त्यांचे झोत खालच्या ढगांवर फिरत होते. खाली कर्कश गाणं वाजतंय, अख्खं गाव नाचतंय, आणि आमचे लोक गच्चीवर हात जोडून उभे. एका संक्रांतीला पतंगाच्या शेपटीला लावलेले एलईडी निघाले. एकदा तर म्हात्रेंनी मोबाइलमध्ये तबकडीचा फोटो दाखवला. मी म्हटलं, "म्हात्रे, हा तुमच्याच किचनचा ट्यूबलाइट आहे, खिडकीच्या काचेत." तो माणूस नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा राहणार होता म्हणे.

असो. आता मुद्द्याचं.

मागच्या एका उन्हाळ्यात सीमेवर वातावरण तापलं होतं. टीव्हीवर दिवसरात्र ड्रोन, ड्रोन, ड्रोन. अँकर लोक स्टुडिओत बसून घसा फाडत होते, आणि इकडे आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रत्येकाला एकाएकी हवाई संरक्षण कळायला लागलं होतं. त्यातच कुणीतरी व्हिडिओ टाकला. संध्याकाळची वेळ, खाणीच्या बाजूला एक पिवळट ठिपका, आणि मागे बायकापोरांचा कालवा. दुसऱ्या दिवशी अजून एक व्हिडिओ, मग अजून एक. मला विचारलं, तेव्हा मी बसल्या जागेवरून सांगितलं की टॉवरवरचा दिवा असेल, झोपा. गच्चीवर गेलोसुद्धा नाही. बावळटांच्या मागे किती जिने चढायचे?

पण यावेळी मी सांगितलेलं कुणाला नको होतं. त्यांना शत्रू पाहिजे होता. आणि तो त्यांना मिळाला. कुणाला तरी आठवलं की खाणीच्या पाण्यावर एक जण ड्रोन घेऊन येतो.

तो म्हणजे हरेश. याची ओळख करून द्यायला हवी. माझं लहानपण विठ्ठलवाडीच्या चाळीत गेलं. उल्हासनगर कॅम्प दोनला हरेशच्या वडिलांचा, लछूभाईंचा, फोटो स्टुडिओ होता. भरतीसाठी माझा पहिला पासपोर्ट फोटो लछूभाईंनी काढलेला. माझ्याकडे धड शर्ट नव्हता म्हणून स्वतःचा कोट अंगावर चढवला होता माझ्या. तेव्हापासूनची दोस्ती. हरेश मोठा झाला तशी स्टुडिओची जागा लग्नाच्या शूटिंगने घेतली, मग प्री-वेडिंग आलं, मग ड्रोन. खाणीचं निळं पाणी, मागे डोंगर, मध्ये गाउनवाली नवरी... लोकांना वाटतं स्वित्झर्लंडला जाऊन आले. मला त्यातलं काही झेपत नाही, पण पोरगा सरळ. बायको, दोन मुली, सकाळी दुकान, संध्याकाळी शूटिंग.

आता गोष्ट अशी, की त्या डोंगरांच्या पलीकडे लष्कराचा एक डेपो आहे. कुठे ते लिहीत नाही, आणि तुम्हीही खाली शहाणपणा करून लिहू नका. त्यामुळे तक्रार गेल्यावर पोलिसांनाही गंभीर व्हावं लागलं. हरेशला उचललं. ड्रोन, कॅमेरे, लॅपटॉप, सगळं जप्त. एक रात्र आत ठेवलं आणि मग रोज सकाळी चौकीवर येऊन बसायचं, संध्याकाळी सोडतील तेव्हा जायचं. वकील म्हणाला, लष्कराकडून अधिकारी चौकशीला येतोय, त्याने जर लिहिलं की लोकांनी पाहिला तो दिवा याच ड्रोनचा, तर अशी कलमं लागतील की जामीनसुद्धा होणार नाही.

आणि आमच्या ग्रुपवर काय चाललं होतं? 'सिंधी आहे, तिकडे नातेवाईक असणारच.' हे लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या मुलीच्या लग्नाचा अल्बम हरेशने केलेला! फाळणीत अंगावरच्या कपड्यांनिशी आलेली माणसं, त्यांच्या तिसऱ्या पिढीला हे लोक बदलापूरला बसून पाकिस्तानला जोडणार. मी तो मेसेज वाचला आणि फोन सोफ्यावर फेकला. माणसांबद्दल मला आधीच फारसा आदर नव्हता, उरलासुरला त्या आठवड्यात संपला.

एका दुपारी लछूभाई घरी आले. उन्हातून रिक्षा शोधत आलेले, दाढी वाढलेली. शोभाने, माझ्या बायकोने, पाणी दिलं, ते हातात तसंच राहिलं.

"मोरे, तू फौजी आहेस यार. तुझं ऐकतील ते. मी बोलतो तर म्हणतात बाप आहे, बाप तर बोलणारच. हरेश तीन दिवसांपासून जेवत नाही. त्याची छोटी रोज विचारते, पप्पा चौकीत का जातात. तू बोल ना साईं."

मी म्हटलं, "लछूभाई, बोलून काही होत नाही, दाखवावं लागतं. तो दिवा ड्रोनचा नाहीच. काहीतरी फालतू गोष्ट असणार. तुमच्या पोराचं ड्रोन पोलिसांच्या कपाटात आहे. आता तो दिवा परत दिसला आणि कशाचा आहे ते मी दाखवलं की हरेश सुटला. माझं आयुष्य यात गेलंय. एका संध्याकाळचं काम आहे."

ते माझा हात धरून रडले. मला असं कुणी रडलं की कसंतरीच होतं. मी चहा टाक म्हणून उगाच शोभावर ओरडलो.

त्याच संध्याकाळी गच्चीवर खुर्ची नेली. कपडे वाळत घालायच्या दांडीपासून टाकीच्या पाइपापर्यंत सुतळी ताणली, खुर्चीची पाठ भिंतीला लावली आणि डोकं भिंतीला टेकवून बसलो. गच्चीवर चिटपाखरू नव्हतं. हे मला फार मजेशीर वाटलं. हरेशला धरल्या दिवसापासून ग्रुपवर एकही व्हिडिओ आला नव्हता, कारण एकही माणूस वर आला नव्हता. चोर सापडला ना, मग आता आकाशाकडे कोण बघतंय? आणि वर पुन्हा हाच पुरावा, 'बघा, त्याला पकडला आणि दिवा बंद झाला!' म्हात्रेंनी हे चौकीत जाऊन सांगितलं होतं. अशा अकलेपुढे हात टेकले.

पहिल्या दोन-तीन संध्याकाळी काही नाही. टॉवरवर दिवे नव्हतेच, दुर्बिणीतून तपासलं. म्हणजे मी बसल्या जागेवरून ठोकलेलं उत्तर चुकीचं होतं. हरकत नाही, दुसरं काही तरी असेल. गावातली हळद नव्हती, पतंगाचे दिवस नव्हते. मी निवांत होतो. लछूभाईंचा रोज फोन यायचा, "काही दिसलं?" मी म्हणायचो, "दिसेल, दिसेल. घाई करू नका."

आणि मग ती संध्याकाळ.

सूर्य नुकताच मलंगगडाच्या मागे गेला होता. चांगला उजेड होता. खाली मुलं क्रिकेट खेळत होती, कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. शोभाने सकाळी घातलेल्या चादरी अजून दांडीवर होत्या आणि खाडीकडून येणाऱ्या वाऱ्याने पूर्वेकडे फडफडत होत्या. मी चष्मा पुसून पुन्हा घातला आणि समोर बघितलं, तर तो होता.

खाणीच्या पलीकडे, डोंगराच्या निम्म्यावर. डोंगराच्या वर नाही, डोंगराच्या अंगावर. म्हणजे माझ्या आणि डोंगराच्या मध्ये. ग्रह, तारा, विमान... सगळे त्याच क्षणी बाद. फिकट पिवळा, कंदिलाच्या काचेला आतून काजळी धरल्यावर दिसतो तसा. लुकलुकत नव्हता. मी डोकं भिंतीला घट्ट दाबलं आणि सुतळीच्या रेषेत धरला. अगदी स्थिर. हे लोक म्हणतात ना, थरथरत होता, नाचत होता, त्यातलं काही नाही. मला तर बरं वाटलं. म्हटलं, सापडलास.

मग तो सुतळीच्या खाली उतरला. एका टॉवरच्या मागून गेला, टॉवरच्या पट्ट्यांनी तुकडे तुकडे झालेला मला नीट दिसला. पुढच्या टॉवरच्या समोरून गेला. मी मनात टिपतोय, अंतर इतकं, उंची इतकी. आला तो खाणीच्या पाण्यावर येऊन थांबला. पाण्यापासून फार वर नव्हता.

खाणीच्या खोल खड्ड्यात वारा पोहोचत नव्हता, पाणी त्या वेळी आरशासारखं होतं. त्यात वरचं आकाश दिसत होतं, टॉवर उलटा दिसत होता, काठावरचं गंजलेलं क्रशर दिसत होतं. उजेड दिसत नव्हता. पाण्याच्या बरोबर वर तो लटकलेला आणि खाली पाण्यात त्याची जागा रिकामी. मी चष्मा काढला, घातला. दुर्बीण लावली. दुर्बिणीत टॉवरचे स्क्रूसुद्धा ओळखू येतात. उजेड तसाच, कडा नसलेला. आणि पाण्यात काही नाही.

आवाज नाही. ड्रोन असतं तर तेवढ्या अंतरावरून भुणभुण आली असती. मुलांच्या बॅटचा आवाज येतोय, मग ड्रोनचा का येणार नाही?

मी स्वतःला सांगितलं, आकाशकंदील. कुणीतरी सोडलाय. माझ्या बाजूला चादरी पूर्वेकडे फडफडत होत्या. आकाशकंदील वाऱ्याबरोबर जातो, म्हणजे डोंगराकडे गेला पाहिजे. तो निघाला... वाऱ्याच्या विरुद्ध. पश्चिमेला. म्हणजे आमच्या बिल्डिंगकडे. घाई नव्हती त्याला. माणूस जेवण झाल्यावर फेरी मारायला निघतो तसा. खाणीचा काठ ओलांडला, बाभळी ओलांडल्या, आणि आमच्या कंपाउंडच्या भिंतीपर्यंत आला. बाभळींवर त्याचा उजेड पडला नाही. मी सुतळीवर ठेवलेला हात काढला तेव्हा कळलं की बोटांना सुतळीचा वळ पडलाय.

मग नव्हता. विझला, उडाला, असं काही नाही. बघतोय तोवर नव्हता.

किती वेळ चाललं? माहीत नाही. आयुष्यभर लोकांना विचारत आलो, वेळ बघितली का, फोटो काढला का, आणि खिशात मोबाइल असून मला ना घड्याळ सुचलं ना कॅमेरा. शोभा कपडे काढायला वर आली आणि म्हणाली, "काय हो, चक्कर आली का? पांढरे पडलात." मी म्हटलं, "ते बघ." तिने बघितलं. "काय बघू? खाण आहे." आणि चादरी काढायला लागली. मला भीती वाटली होती. स्वच्छ सांगतो, वयाच्या या वर्षी, पायात चपला घालून, बायकोच्या मागोमाग मी जिना उतरलो आणि गच्चीचं दार लावून कडी नीट बसली का ते दोनदा बघितलं.

रात्री जेवताना शोभाला सगळं सांगितलं. ती हसली नाही, याचाच मला राग आला.

मी म्हटलं, "हे जाऊन सांगितलं तर मला वेड्यात काढतील. माझ्या हाताखाली शिकलेली पोरं आज अधिकारी आहेत. त्यांच्या कानावर जाईल की मोरे म्हातारा झाला, त्याला दिवे दिसायला लागले."

"मग काय सांगणार?"

"काही दिसलं नाही म्हणून."

"आणि हरेश?"

मी ताटातला भात उगाच कालवत राहिलो.

"उत्तर नाही सापडलं हे तुमचं दुखणं आहे," ती म्हणाली. "ड्रोन कपाटात असताना दिवा दिसला, लछूभाईंच्या मुलाला एवढं पुरतं. तुमची लाज त्याच्या पोरींच्या बापापेक्षा मोठी आहे का?" आणि ताटं उचलून आत गेली. हिला कधी भांडायला मोठा आवाज लागत नाही.

सकाळी चौकीवर गेलो. हरेश बाहेरच्या बाकड्यावर बसला होता. शर्टाची कॉलर मळलेली, गालफडं आत गेलेली. मला बघून उठला. आत लष्करातून आलेला अधिकारी, तिशीचा, आपल्या नगरकडचा, बोलायला एकदम नम्र. माझं युनिट कुठलं ते कळल्यावर खुर्चीतून अर्धा उठला. "सर, तुमच्या सुतळीच्या पद्धतीबद्दल ऐकलंय आम्ही." मला बरं वाटलं, आणि पुढच्याच क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण आता याला मला सांगायचं होतं.

सांगितलं. दिशा, टॉवर, पाणी, वारा, सगळं. तो लिहीत होता. पाण्याचा भाग आला तेव्हा त्याचं पेन थांबलं.

"सर, चष्म्याचा नंबर बदललाय का हल्ली?"

"नाही."

"मोतीबिंदू?"

"एका डोळ्याचा झालाय. ऑपरेशन छान झालंय."

"बीपीची गोळी घेता? काल घेतली होती?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो उद्धट नव्हता. तो अगदी नीट, शिकवल्याप्रमाणे काम करत होता. हेच प्रश्न, याच क्रमाने, याच गोड आवाजात मी कित्येकांना विचारले होते. समोर बसल्यावर ते कसे लागतात ते तेव्हा कळलं. मी म्हटलं, "घेतली होती. फोटो काढला नाही. वेळ बघितली नाही. दुसरा साक्षीदार नाही. पुढचं विचारा."

तो हसला. पेन खाली ठेवून म्हणाला, "सर, मी शुक्र लिहितो."

"पूर्वेला? संध्याकाळी?" माझा आवाज चढला. "अहो, शुक्र संध्याकाळी दिसला तर पश्चिमेलाच दिसतो. शाळेतलं पोरगं सांगेल. आणि डोंगराच्या अलीकडे शुक्र?"

"मला माहितीये सर," तो हळू आवाजात म्हणाला. "पण वर कुणी दिशा तपासत नाही. मी 'अज्ञात' लिहिलं तर चौकशी उघडी राहते. चौकशी उघडी म्हणजे त्याचं ड्रोन, लॅपटॉप इथेच, आणि तोही इथेच. 'ग्रह' लिहिलं की आज दुपारी मिटतं. तुमच्यासारख्या माणसाने ड्रोन जप्त असताना तो पाहिला, एवढं मला पुरेसं आहे. काय पाहिलं ते... सर, आपण दोघं या धंद्यातले आहोत."

दरवाजातून बाकडं दिसत होतं. हरेश आमच्याकडे बघत नव्हता, जमिनीकडे बघत होता. भांडलो असतो तर माझी इज्जत राहिली असती. मी सही केली. माझ्या जबाबाखाली, माझ्या हुद्द्यासकट, आता असं आहे की मी खाणीवर शुक्र पाहिला. ज्या चुकीवर मी जन्मभर हसलो तिच्याहून मोठी चूक, आणि मी केलेलीसुद्धा नाही!

हरेश त्याच दिवशी सुटला. बाकीचं काय सांगू? म्हात्रेंनी ग्रुपवर टाकलं, 'मोरेकाकांनी शोधून काढलं, शुक्र होता!' त्यावर टाळ्या, फुलं, तिरंगे. 'आम्हाला आधीच वाटलं होतं' म्हणणारा तोच, अल्बमवाला. त्या संध्याकाळी सगळे गच्चीवर जाऊन पूर्वेला शुक्र शोधत होते. एकाला सापडलासुद्धा. मी खाली बसून त्यांचे पाय वाजताना ऐकत होतो आणि दात ओठ खात होतो.

दोन दिवसांनी लछूभाई आणि हरेश मिठाई घेऊन आले. लछूभाईंनी दाढी केली होती, शोभाच्या हातचा चहा दोनदा घेतला, जुन्या स्टुडिओच्या गोष्टी सांगितल्या. "शुक्र! एका शुक्राने माझ्या पोराला आत टाकलं आणि तू बाहेर काढलंस," असं पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी मान हलवत होतो. त्यांना काय सांगायचं?

निघताना लछूभाई लिफ्टमध्ये शिरले, हरेश दारात बुटाची लेस बांधत मागे राहिला. उठला आणि खाली वाकून माझ्या पायाला हात लावला.

"काका, पप्पांना नाही सांगितलं मी, पण मला माहितीये. त्या खाणीवर मी किती वेळा शूट केलंय. संध्याकाळी तिकडे काहीच नसतं. शुक्र-बिक्र पण नाही, मी गूगल केलं. तुम्ही मला सोडवायला खोटं बोललात." त्याचे डोळे भरून आले होते. "तुमच्यासारखा माणूस... पूर्ण लाइफ खरं बोलला, आणि माझ्यासाठी खोटं बोलला. मी जन्मात विसरणार नाही, काका."

मी तोंड उघडलं. सांगितलं असतं की होतं, पाण्यावर होतं, आमच्या भिंतीपर्यंत आलं होतं... तर त्याने तेही माझ्या मोठेपणात जमा केलं असतं. आणि त्या खाणीवर तो परत कधी गेला नसता, किंवा रोज गेला असता. मी म्हटलं, "लिफ्ट थांबलीय. जा."

तो गेला. आता कॅम्प दोनमध्ये जो भेटेल त्याला सांगतो म्हणे, मोरेकाका देवमाणूस आहेत. परवा शोभा तिकडे कापड घ्यायला गेली, तर दुकानदाराने पण हेच ऐकवलं.

गच्चीवर मी परत जातो, रोज. सुतळी तशीच आहे. काही दिसलेलं नाही. ते काय होतं याचं उत्तर माझ्याकडे नाही. शोधायचे सगळे मार्ग चोखाळून झाले, खाणीच्या काठावर दिवसा जाऊन आलो, बाभळी बघितल्या, काही नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचत असेल तर ठेवा तुमच्याकडेच, तुमच्या उत्तरांची मला लायकी माहीत आहे.

फक्त एकाच माणसाला मला सांगायचं होतं की मी खोटं बोललो नव्हतो. आणि नेमका तोच माझ्या खोटं बोलण्यासाठी माझ्या पाया पडून गेला.